सातवी ब मधला बुद्ध

बुद्ध मला पाठ होता. हैदराबादच्या एका मराठी शाळेत मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि दरवर्षी, महाजनपदं संपलेली आणि मौर्य अजून यायचे अशा बेतात, दोन तासांत त्याला जन्माला घालून, घराबाहेर काढून, पिंपळाखाली बसवून ऐंशीव्या वर्षी कुशीनगरला पोचवून मोकळी होत असे. तिसरा तास लागला तर अभ्यासक्रम मागे पडायचा. लुंबिनीला जन्म, गयेला ज्ञान, सारनाथला पहिलं प्रवचन, कुशीनगरला निर्वाण. चार गावं, चार मार्क. नकाशात दाखवा म्हटलं की निम्मा वर्ग सारनाथ समुद्रात टाकायचा.

खरं सांगायचं तर मला हा राजपुत्र कधी फारसा आवडला नाही. एकोणतीस वर्षांचा होईपर्यंत यानं म्हातारा पाहिला नव्हता, आजारी पाहिला नव्हता, प्रेत पाहिलं नव्हतं. आमची मुलं अफझलगंजला दवाखान्यासमोर बस बदलायची. त्यांना हे तिन्ही रोज सकाळी साडेआठच्या आत दिसायचे आणि ती काही घर सोडून जंगलात जात नव्हती. ती उशिरा आल्याबद्दल माझी बोलणी खात होती. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, तो गेल्यावर त्याच्या बायकोनं काय केलं?" मी म्हटलं, पुस्तकात नाही. पुस्तकात नाही ते नाही, असा माझा खाक्या होता.

अष्टांग मार्ग मी एका दमात म्हणून दाखवायची. सम्यक् दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी. मुलं सातपर्यंत यायची आणि कुठलं ना कुठलं एक गाळायचीच. मग मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. चार आर्यसत्यांपैकी दुसरं, दुःखाचं मूळ तृष्णा, असं सांगितलं की मागच्या बाकावरून कुणीतरी पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारायचं. एकंदरीत बुद्ध आणि मी, आमचं बरं चाललं होतं. तो मला त्रास देत नव्हता, मी त्याला दोन तासांपेक्षा जास्त वेळ देत नव्हते.

मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आमच्या मुलीनं जेवताना सांगून टाकलं की तिला लग्न करायचंय. मुलगा तिच्याच कंपनीत होता, मराठी होता, इथलाच होता, बौद्ध होता. माझ्या नवऱ्यानं वरणाची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाला, "मराठी आहे हे बरं झालं." त्याचं बोलणं तिथंच संपलं. वीज खात्यात जन्म काढलेला माणूस, कुठल्या तारेला हात लावायचा नाही ते त्याला कळतं. मला कळत नाही. मी विचारलं, "बौद्ध म्हणजे पूर्वीचे कोण?"

मुलीनं हातातला घास ताटात ठेवला. "आई, हेच तू त्याच्या आईपुढे विचारलंस ना, तर माझं लग्न संपलं म्हणून समज."

मी स्वतःला सुधारलेली समजत होते. आमच्या घरात नोकऱ्या उर्दूतून झाल्या, भांडणं मराठीतून आणि भाजी तेलुगूतून. सासऱ्यांचे वडील निजामाच्या कचेरीत होते, त्यामुळे आम्ही सगळ्या जातीधर्मांत मिसळून राहिलेली माणसं, असं आम्ही पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो. मिसळून राहिलो होतो, पण कुणाच्या घरी जेवलो होतो ते मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. मुलीनं "बौद्ध" म्हटल्यावर मला बुद्ध आठवला नाही, जात आठवली, आणि याची मला लाज वाटली. लाज वाटूनही तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, हेही सांगून टाकते.

मुलाचे वडील तो लहान असतानाच गेले होते. आई सरकारी दवाखान्यात नर्स, तिनं एकटीनं त्याला वाढवलेलं. आई नको म्हणाली तर मी लग्न करणार नाही, असं त्यानं आमच्या मुलीला पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलं होतं. आणि आईनं नको म्हटलं नव्हतं, हो पण म्हटलं नव्हतं. ती म्हणाली होती, मी एकदा त्यांच्या घरी जाऊन येते, मग सांगते. म्हणजे सगळं एका रविवारच्या चहावर येऊन ठेपलं होतं. आमची मुलगी कंपनीत वीस जणांना कामाला लावते. ती तो आठवडाभर नखं खात हिंडत होती.

"तू फक्त पोहे कर," ती मला म्हणाली. "शिकवू नक्को. बुद्ध कोण ते त्यांना माहितेय. तुझ्याहून जास्त माहितेय."

मी पोहे करायचं कबूल केलं, पण तेवढ्यावर मला राहवेना. शुक्रवारी सुलतान बाजारात जाऊन मी बुद्धाची मूर्ती घ्यायला उभी राहिले. दुकानदारानं तीन काढून ठेवल्या. "अम्मा, ये ध्यान वाले, ये आशीर्वाद वाले, ये बोलने वाले. कौनसे होना आपकू?" बोलणारे म्हणजे दोन्ही हात छातीपाशी धरून प्रवचन देणारे. मी त्याला समजावून सांगू लागले की ही धर्मचक्र मुद्रा, सारनाथला पहिल्या पाच शिष्यांना उपदेश केला तेव्हाची. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हौ अम्मा, लेकिन घर में ध्यान वालेच अच्छे. बोलने वाले नक्को." मी हट्टानं बोलणारा घेतला.

देवघरात जागा नव्हती. बाळकृष्ण थोडा डावीकडे सरकवला, अन्नपूर्णा थोडी पुढे घेतली आणि मध्ये बुद्ध बसवला. कपाळाला हळदकुंकू लावलं, तुळशीचं पान वाहिलं, वाटीत साखर ठेवली. नवरा येऊन बघून गेला. "गणपतीपेक्षा उंच झाला," तो म्हणाला, आणि पेपर घेऊन बसला.

रविवारी मुलाची आई बरोबर पाच वाजता त्याला घेऊन आली. पन्नाशीची, काटक, फिक्या रंगाची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. आल्या आल्या तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण विहीण होऊ घातलेली बाई बघणारच. ती मला "बाई" म्हणत होती. मी तिला "ताई" म्हणत होते. मुलगा आणि आमची मुलगी सोफ्याच्या दोन टोकांना असे बसले होते की जणू त्यांची ओळखच नाही.

पोहे चांगले झाले होते. बोलणं दवाखान्यावरून पाण्यावर, पाण्यावरून ट्रॅफिकवर आलं आणि थांबलं. शांतता मला सोसत नाही. मी म्हटलं, "तुमच्या धर्मात सगळं जग दुःखमय मानतात ना, नर्सचं काम करताना मग फारच जड जात असेल."

मुलीनं डोळे मिटले.

"दुःखमय कुठं म्हटलंय?" मुलाची आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "दुःख आहे, एवढंच म्हटलंय. वॉर्डात पेशंटला ताप आहे म्हटलं म्हणजे सगळं जग तापमय होत नाही. ताप आहे. कशानं आला ते बघायचं. उतरू शकतो हे माहीत असतं. मग औषध द्यायचं, आणि ते रोज वेळेवर द्यायचं. चारच गोष्टी आहेत, बाई."

बत्तीस वर्षांत मला हे असं सुचलं नव्हतं. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. आपला विषय दुसऱ्यानं आपल्याच घरात बसून आपल्यापेक्षा सोपा करून सांगावा, हे कुठल्या मास्तरणीला आवडेल? म्हणून मी माझा हुकमी पत्ता काढला. "चला, तुम्हाला आमचं देवघर दाखवते," मी म्हटलं. "आमच्याकडे बुद्धाला परकं मानत नाहीत. विष्णूचा नववा अवतार आहे तो. आपण एकच."

सगळे देवघरासमोर उभे राहिले. तिनं मूर्तीकडे पाहिलं. कुंकू पाहिलं, तुळशीचं पान पाहिलं. मग वाकून साखरेची वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली. "मुंग्या येतील," ती म्हणाली. आणि तशीच माझ्याकडे वळून, "बाई, मी तुमच्या सातवी ब मध्ये होते."

मला एकदम आनंद झाला. माझ्या वर्गातली मुलगी! मी तिला बसवलं, नाव विचारलं, लग्नाआधीचं आडनाव विचारलं. काही आठवलं नाही, पण हजारो मुलं हाताखालून गेलेली, त्याचं मला काही वाटलं नाही. ती सोफ्यावर टेकली आणि बोलू लागली. सांगताना आवाज कुठंही चढला नाही.

सहामाहीच्या पेपरात मी एक गाळलेली जागा भरायला दिली होती. विष्णूचा नववा अवतार कोण. हे पुस्तकात नव्हतं. पुस्तकात नाही ते नाही, असं म्हणणाऱ्या मी ते स्वतःच्या पदरचं घातलं होतं, आमच्या घरच्या दशावताराच्या तसबिरीत होतं म्हणून. "आमच्या घरी दीक्षेच्या प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या होत्या," ती म्हणाली. "बुद्ध विष्णूचा अवतार आहे असं मी मानत नाही, ही त्यातलीच एक. मी अक्षरं जोडायला शिकले ती त्या भिंतीवर. म्हणून मी तुमचं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, हा प्रश्न चूक आहे."

मी शून्य दिलं होतं. वर तिला वर्गापुढे उभं करून म्हटलं होतं, उत्तर येत नसलं की प्रश्नालाच चूक ठरवायचं, ही नवी पद्धत निघाली वाटतं. वर्ग हसला होता. आणि मी तिला सांगितलं होतं, बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार आहे, असं दहा वेळा लिहून आण.

"घरी बाबा सांगायचे, बुद्ध म्हणतो, गुरू सांगतो म्हणूनसुद्धा मानू नका, तपासून बघा," ती म्हणाली. "शाळेत तपासायचं काम तुमच्याकडे होतं."

मुलगा जमिनीकडे बघत होता. खरं काय घडलं ते त्यालाही पहिल्यांदाच कळत होतं, हे दिसत होतं.

तिचे वडील रेल्वेत रुळांच्या कामावर होते. दुसऱ्या दिवशी ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत आले आणि वर्गाच्या दाराशी उभे राहिले. मी म्हटलं, तास चालू आहे. ते तास संपेपर्यंत उभे होते. घंटा झाल्यावर मी दुसऱ्या दारानं स्टाफरूममध्ये निघून गेले.

त्या वर्गाला दोन दारं होती, हे मला आठवलं. मागच्या दाराची कडी नीट लागत नसे, तेही आठवलं. दारातला माणूस काही केल्या आठवला नाही.

"ते म्हणाले, उद्या परत येतो, पूर्ण दिवसाची रजा टाकतो. सगळी मुलं त्यांच्या चपलांकडे बघत होती, बाई. त्यांनी परत तिथं उभं राहायला मला नको होतं. म्हणून त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी लिहून काढलं. दहा वेळा. तुम्ही खाली सही केलीत. मग पान फाडून टाकलं आणि घरी जाऊन सांगितलं, बाई म्हणाल्या तुझंच बरोबर आहे, प्रश्न चुकीचा होता. मार्कसुद्धा दिला, म्हटलं."

"मग?" आमची मुलगी म्हणाली.

"मग काय. बाबा इतके खूश झाले की क्वार्टर्समध्ये घरोघर सांगून आले. अजून सांगतात. ब्राह्मणाची बाई, पण मन मोठं. आता याच्याकडून कळलं की मुलगी त्या बाईंची, तर म्हणतात, डोळे झाकून हो म्हण. पान लिहिल्याचं एकट्या मलाच माहीत. म्हणून म्हटलं, आधी आपण जाऊन बघू."

"हो, आता आठवलं" असं म्हणणं फार सोपं होतं, आणि त्या घडीला ते शोभलंही असतं. दोन अश्रू काढले असते तर प्रसंग निभावून गेला असता. पण ती माझ्या चेहऱ्याकडे अशी बघत होती की जणू थर्मामीटर काढून आकडा वाचणार आहे. मी म्हटलं, "मला यातलं काही आठवत नाही. एक अक्षर नाही."

तिनं मनगटावरचं घड्याळ सरळ केलं.

"तू सांगतेस तसंच घडलं असणार," मी म्हटलं. तिला "तू" म्हणावं की "तुम्ही" हे मला तोवर कळत नव्हतं. तोंडून "तू" गेलं. "मी तशीच होते. आणि आज परत तेच केलं, तुला देवघरापुढे उभं करून. माझी चूक झाली. तेव्हाही आणि आत्ताही."

"हौ," ती म्हणाली.

माफ केलं नाही, उठून गेलीही नाही. तिनं गार झालेला चहा संपवला आणि आणखी पोहे मागितले. नवरा ते आणायला इतक्या लगबगीनं आत गेला की चमचा घ्यायचं विसरला.

जाताना दारात चपला घालता घालता ती मला म्हणाली, "लग्न होऊ द्या. मुलं चांगली आहेत. एकच मागते. बाबा आता ऐंशीच्या पुढचे आहेत. लग्नात ते तुमचे आभार मानायला येतील. त्यांना खरं सांगू नका."

खरं बोलले म्हणून तिनं मला पास केलं आणि लगेच खोटं बोलायचं काम दिलं. अष्टांग मार्गात हे कुठं बसतं ते मी तिला विचारलं नाही. त्या दिवसापुरतं माझं शिकवून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मूर्तीचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं आणि ती देवघरातून काढून पुस्तकांच्या कपाटावर ठेवली. मुलीला विचारलं, आता बरोबर आहे का. ती म्हणाली, "मला काय विचारतेस, त्यांना विचार." मी फोन करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं की कुठंही ठेवा, धूळ पुसत जा.

लग्न नामपल्लीच्या एका हॉलमध्ये झालं, त्यांच्या पद्धतीनं. पांढरे कपडे, वंदना, त्रिशरण, पंचशील, दोघांनी एकमेकांना दिलेली वचनं, आणि पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. आमच्याकडे तेवढ्यात गुरुजींची पिशवीसुद्धा सोडून होत नाही. जीवहिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, मादक पदार्थ घेणार नाही, असं सगळा हॉल एकदम म्हणत होता. पाचव्याला मुलाच्या कंपनीतल्या मित्रांचे आवाज बारीक झाले. माझा आवाज चौथ्यालाच बसला होता. आमच्या नात्यातले निम्मे आले नव्हते. त्यांची कारणं फार छान होती.

जेवणाच्या वेळी ती आपल्या वडिलांना हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. ताठ म्हातारा, डोक्यावर इस्त्रीची टोपी, कान मात्र कामातून गेलेले. मी उठून उभी राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि ते बराच वेळ खाली घेतले नाहीत.

"बाई," ते मोठ्यानं म्हणाले. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. "मी त्या दिवशी फार रागात आलो होतो. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तेव्हा मी नको नको ते मनात आणलं. आणि तुम्ही त्याच दिवशी पोरीला म्हणालात, तुझं बरोबर. पोरगी त्यानंतर कुणाला घाबरली नाही. नर्सिंगला गेली ती त्याच्यामुळे."

माझ्या आतून सगळं ओरडत होतं की नाही हो काका, ती माझ्यामुळे नाही, माझ्याशी लढून गेली. ते म्हणायची मला सोय नव्हती. मी शोधून शोधून, त्यातल्या त्यात खरं असलेलं एक वाक्य काढलं. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "काका, तिचंच उत्तर बरोबर होतं. माझा प्रश्नच चुकीचा होता."

"ते तर तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत," ते म्हणाले.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं वडिलांचा दंड घट्ट धरला होता आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"हो," मी म्हटलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तो मुलीकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघ, मी सांगत होतो ना तुला, बाई विसरायच्या नाहीत."